‘देव पाहतो आहे’ : धाक कीं धीर ?

वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून द्यावें अशी संपादकमंडळाची सूचना आली, तेव्हां विषय कोणता घ्यावा ह्याचा मला फारसा विचार करावा लागला नाहीं. गेलीं कित्येक वर्षें एक लहानसें वाक्य माझ्या मनांत घोळत आहे. तें आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलें असेल, आणि पालकांपैकीं बहुतेकांनीं आपल्या मुलांस ऐकविलेंहि असेल. तें वाक्य म्हणजे, “लक्षांत ठेव, देव पाहतो आहे !”

हें वाक्य आपण कोणत्या वेळीं उच्चारतों, ह्याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. गुळाच्या डब्याकडे मुलाचा हात गेला, शेजाऱ्याच्या परसांतला पेरू कोणीं चोरून पाडला, परीक्षेंत एकानें दुसऱ्याच्या कागदांत डोकावून पाहिलें, कीं हें वाक्य आपल्या ओठांवर येतें. परंतु मूल तापानें फणफणलें आहे, काळोखांत एकटें निजलें आहे, सवंगड्यांनीं खेळांतून वगळल्यामुळें हिरमुसलें होऊन कोपऱ्यांत बसलें आहे, अशा वेळीं तेंच वाक्य त्याला सांगण्याची आठवण आपणांस क्वचितच होते. वाक्य एकच आहे. पण तें आपण धाकासाठीं राखून ठेविलें आहे, धीरासाठीं वापरीत नाहीं.

माझें म्हणणें असें आहे कीं, ख्रिस्ती धर्माच्या शिकवणीप्रमाणें हा क्रम उलटा आहे. देव सदैव जवळ आहे ही गोष्ट आधीं धीराची आहे. धाकाची असलीच तर ती मागाहून. आणि हा क्रम चुकल्यामुळें आपल्या मुलांचें जें नुकसान होतें तें लहानसहान नाहीं.

तें नुकसान मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, म्हणूनच हें लिहिण्याचें धाडस करितों. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका हायस्कुलांत शिकवीत होतों. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, आणि नववी इयत्तेंतला एक मुलगा नापास झाला. मुलगा सालस व मितभाषी होता. घर धर्मशील होतें. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावांचून तेथें पानें वाढलीं जात नसत. निकालाच्या दिवशीं तो घरीं गेलाच नाहीं. दिवेलागणीपर्यंत वाट पाहून त्याचे वडील शाळेंत आले. आम्ही दोघेतिघे शिक्षक त्यांच्याबरोबर शोध करावयास निघालों. स्टेशन पाहिलें, बाजार पाहिला, मित्रांचीं घरें पाहिलीं. शेवटीं रात्रीं दहाच्या सुमारास तो नदीच्या घाटावर, अगदीं पाण्याजवळच्या पायरीवर बसलेला सांपडला. तो तेथें कां बसला होता हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारण्याचें कोणास धैर्यच झालें नाहीं.

वडील त्याच्या शेजारीं जाऊन बसले. थोड्या वेळानें म्हणाले, “अरे, घरीं कां आला नाहींस ?”

“तुम्ही रागवाल म्हणून, दादा.”

“बरें, मग देवाजवळ तरी मन मोकळें करावयाचें होतेंस.”

मुलगा खालच्या मानेनें म्हणाला, “त्याला तर सगळें आधींच ठाऊक आहे. तो तुमच्यापेक्षांहि जास्त रागावला असेल.”

वडिलांनीं त्याला पोटाशीं धरलें व घरीं नेलें. पुढें तो मुलगा चांगला शिकला आणि आपल्या पायांवर उभा राहिला. परंतु त्याचें तें उत्तर मी आजवर विसरूं शकलों नाहीं. त्या मुलाचा देवावर विश्वास नव्हता असें मुळींच नव्हे. देव सर्वत्र आहे, सर्व पाहतो, हें तो पक्कें शिकला होता. पण तो जो देव शिकला होता तो चावडीवरच्या शिपायासारखा होता : आपण चुकलों कीं हजर ! संकटांत सांपडलेलें मूल शिपायाकडे धांवत जात नाहीं. तें त्याच्यापासून लपावयास जागा शोधतें. आणि जो सर्वत्र आहे त्याच्यापासून लपावयाचें तरी कोठें ? देव जवळ आहे हें सत्य त्या रात्रीं त्या मुलाला आधार झालें नाहीं; उलट त्याच्या एकटेपणांत त्यानें भरच घातली. एवढें चांगलें वाक्य, आणि त्याचें असें फळ यावें, ह्यांत दोष वाक्याचा नव्हे, तें शिकविणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे.

पवित्र शास्त्रांत ‘पाहणारा देव’ प्रथम कोणाला भेटला, हें पाहण्यासारखें आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत हागार नांवाच्या एका दासीची कथा आहे. ती मिसर देशाची. अब्रामाच्या घरीं त्याची पत्नी साराय हिच्या सेवेंत होती. पोटांत मूल असतां मालकिणीचा जाच असह्य होऊन ती रानांत पळून गेली. त्या कथेंत एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, तिचे धनी तिला कधीं नांवानें हांक मारीत नाहींत. ‘दासी’ असाच तिचा उल्लेख करितात. रानांत एका झऱ्यापाशीं देवाच्या दूतानें तिला गांठलें, तेव्हां त्यानें मात्र तिला नांवानें हांक मारली, आणि ती कोठून आली व कोठें चालली आहे अशी विचारपूस केली. त्या प्रसंगीं हागारेनें देवाला एक नांव दिलें. ‘मला पाहणारा’ असा त्याचा अर्थ आहे. तें नांव तिनें भयानें दिलें नाहीं. ज्या बाईकडे माणूस म्हणून कोणीं पाहिलें नव्हतें, तिच्याकडे कोणी तरी पाहिलें, ह्या आनंदानें दिलें.

परंतु तेवढ्यानें हागारेची अडचण दूर झाली असें मात्र नाहीं. तिला त्याच घरीं परत जावें लागलें. पुढें कांहीं वर्षांनीं तर तिला मुलासकट घराबाहेर काढण्यांत आलें, पाण्याची बुधली रिकामी झाली, आणि मूल डोळ्यांदेखत मरूं नये म्हणून त्याला झुडपाखालीं टाकून ती दूर जाऊन रडत बसली. तेथेंहि देवानें त्या मुलाचा आवाज ऐकला, आणि तिला जवळच असलेली विहीर दिसली. म्हणजे ज्या देवानें पाहिलें त्यानें तिचें आयुष्य सोपें केलें नाहीं. पण त्या कठीण आयुष्यांत कोठेंहि तिला एकटें सोडलें नाहीं.

दुसरी कथा याकोबाची. ती वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल असें वाटतें. आंधळ्या बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद हिरावून घेऊन, याकोब घर सोडून पळाला. वाटेंत रात्र झाली. एका धोंड्याची उशी करून तो उघड्यावर निजला. तेथें स्वप्नांत त्याला पृथ्वीवरून आकाशापर्यंत पोंचलेली शिडी दिसली, आणि तूं जेथें जेथें जाशील तेथें मी तुझ्याबरोबर आहें असें देवाचें अभिवचन त्याला मिळालें. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. याकोब त्या वेळीं निरपराधी नव्हता. तो अपराध करून आलेला होता, आणि त्या अपराधाचें फळ त्यानें पुढें पुरेपूर भोगलें. ज्यानें फसविलें त्याला स्वतः फसण्याची पाळी आली. तरीहि देवाचा सहवास त्याला चांगल्या वर्तणुकीचें बक्षीस म्हणून मिळाला नाहीं. ज्या रात्रीं तो सर्वांत अपात्र होता त्याच रात्रीं मिळाला. घाटावर बसलेल्या त्या मुलाला ही कथा कोणीं ह्या रीतीनें सांगितली असती, तर तो घरीं येण्यास इतका भ्याला नसता असें मला वाटतें.

येथें कोणी पालक म्हणतील, “गुरुजी, धाक काढून टाकला तर मुलें बिघडतील !” ही शंका रास्त आहे, व तिला उत्तर दिलें पाहिजे. आपल्या घरांतील आजीचें उदाहरण घ्या. आजीसमोर मूल सहसा खोटें बोलत नाहीं. आजीच्या हातांत छडी असते म्हणून नव्हे. आजीला वाईट वाटेल, हें त्याला सहन होत नाहीं म्हणून. ज्याच्या प्रेमाची खात्री असते त्याच्या दृष्टीसमोर वाईट वागणें कठीण जातें. ही जी मर्यादा, ती भीतीच्या मर्यादेहून अधिक बळकट असते. कारण भीति पहारेकऱ्याची पाठ फिरतांच संपते, प्रेम संपत नाहीं. तेव्हां धीर आधीं शिकवा. खरा धाक त्याच्या मागोमाग आपोआप येईल.

आतां दुसऱ्या बाजूची एक चूक सांगितली पाहिजे, नाहीं तर मीं अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. कित्येक भाविक लोक मुलांस सांगतात, “देव आपल्या पाठीशीं आहे, आपल्याला कांहीं होणार नाहीं.” हें बोलणें गोड आहे, पण खरें नाहीं, आणि जें खरें नाहीं तें ऐन वेळीं दगा देतें. ह्या बाबतींत मी दुसऱ्याचें उदाहरण न देतां माझेंच देतों.

मी दहा वर्षांचा असतां मला खेड्यांतून तालुक्याच्या गांवीं वसतिगृहांत आणून ठेविलें. दुसऱ्या वर्षीं माझी आई आजारी पडल्याचें पत्र आलें. रोज रात्रीं मी अंथरुणापाशीं गुडघे टेकून तिच्यासाठीं प्रार्थना करीत असें. देव जवळ आहे, तो ऐकतो, तो आईला बरी करील, असें मला सर्वांनीं सांगितलें होतें, आणि मीं तें अक्षरशः खरें मानिलें होतें. एके दिवशीं दुपारीं वर्गांतून मला बोलावणें आलें. आई गेली होती. गांवीं जाऊन सर्व विधि आटोपून मी परत आलों, तो मनांत देवाविषयीं केवळ राग घेऊन. संध्याकाळच्या उपासनेला मी गेलों नाहीं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलों.

आमच्या वसतिगृहाचे वृद्ध आचारी होते. त्यांना आम्ही सर्व मुलें ‘बाबा’ म्हणत असूं. रात्रीं सर्वत्र निजानीज झाल्यावर ते आले आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशीं बसले. देवाची इच्छा, नशीब, आई कोठें गेली, ह्यांतलें एक अक्षरहि त्यांनीं काढलें नाहीं. माझ्या पायांवर हात ठेवून ते नुसते बसून राहिले. मी रडलों, झोपलों, मध्येंच जागा झालों; ते तेथेंच होते. पहाटे उठून ते चुलीकडे गेले, आणि थोड्या वेळानें माझ्यासाठीं पितळी पेल्यांत चहा घेऊन आले.

बाबांनीं माझी आई परत आणली नाहीं. माझ्या प्रश्नाचें उत्तरहि दिलें नाहीं. पण त्या रात्रीं मी एकटा नव्हतों, आणि एकटा नव्हतों म्हणूनच ती रात्र माझ्यानें निभावली. ज्या देवावर मी रुसून बसलों होतों तोच त्या रात्रीं माझ्या खाटेच्या पायथ्याशीं बसला होता, असें मी आज म्हणतों. त्या वेळीं मात्र मला एवढेंच कळत होतें कीं, कोणी तरी बसलें आहे. तेवढें कळणें त्या वेळीं पुरेसें होतें.

सांत्वन आणि सुटका ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें मी त्या रात्रीं शिकलों. सुटका म्हणजे संकट टळणें. सांत्वन म्हणजे संकटांत सोबत असणें. ख्रिस्ती धर्म सुटकेचें आश्वासन देतच नाहीं असें नव्हे. पण ती केव्हां व कशी होईल हें तो आपल्या हातीं देत नाहीं. सोबतीचें आश्वासन मात्र तो विनाअट देतो. मत्तयकृत शुभवर्तमान ह्याच आश्वासनाच्या दोन टोकांमध्यें बसविलेलें आहे. त्याच्या पहिल्या अध्यायांत येशूला ‘इम्मानुएल’ हें नांव लाविलें आहे. त्याचा अर्थ ‘आम्हांबरोबर देव’. आणि शेवटच्या अध्यायाच्या शेवटीं, युगाच्या समाप्तीपर्यंत आपण शिष्यांबरोबर राहूं असें वचन प्रभु येशु देतो. तुमचीं दुखणीं टळतील, तुमचीं शेतें पिकतील, तुमचीं मुलें पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होतील, असें त्या शेवटच्या वचनांत कांहींहि नाहीं. आहे ती केवळ सोबत.

आणि सोबतीची किंमत प्रभूला स्वतःच्या अनुभवानें ठाऊक होती. पकडला जाण्यापूर्वीं गेथशेमाने बागेंत त्यानें तिघां शिष्यांस बरोबर नेलें आणि आपल्यासह जागें राहण्याची त्यांस विनंति केली. त्यानें त्यांच्याजवळ तरवार मागितली नाहीं, युक्ति मागितली नाहीं. केवळ जागी सोबत मागितली, आणि ते झोपीं गेले! दुसऱ्या दिवशीं वधस्तंभावर तर देवानेंहि आपणांस टाकलें कीं काय, अशी आर्त हांक त्याच्या तोंडून निघाली. म्हणून ज्याला देव दूर गेल्यासारखा वाटतो त्यानें आपला विश्वास खोटा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. त्या काळोखाच्या वाटेनें प्रभु स्वतः गेलेला आहे. जेथें देवाची जवळीक मुळींच वाटत नाहीं तेथेंहि तो आपल्या आधीं जाऊन पोंचलेला आहे. माझ्या मतें ख्रिस्ती सांत्वनाचा गाभा हा आहे.

आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांच्या घरांतून मुलें येतात. मी ख्रिस्ती विश्वासाच्या भाषेंत बोलत आहें, कारण तीच भाषा माझ्या घरची आहे. परंतु देव हा सोबती आहे ही जाणीव महाराष्ट्राला परकी नाहीं. आमच्या संतांनीं विठ्ठलाला मायबाप म्हटलें, सखा म्हटलें, त्याच्याशीं भांडणहि केलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत असत, हें पुष्कळांस ठाऊक असेल. तेव्हां येथें जें लिहिलें आहे तें ज्यानें त्यानें आपल्या घरच्या भाषेंत वाचावें.

देवाची सोबत मिळालेल्या माणसाचें आयुष्य कसें असतें हें पाहावयाचें असेल, तर पंडिता रमाबाईंचें चरित्र आपल्या अगदीं जवळचें आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळाच्या दिवसांत तीर्थोतीर्थीं फिरत असतां त्यांचे आईवडील व थोरली बहीण हीं उपासमारीनें खंगून वारलीं. १८८० सालीं भाऊ गेला. १८८२ सालीं, लग्नाला पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नाहींत तोंच, पति बिपिनबिहारी मेधावी वारले. रमाबाईंच्या पदरीं तेव्हां लहानगी मनोरमा होती. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें. पुढें १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हां त्या मध्यप्रांतांत जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें ‘मुक्ति’ उभी राहिली. ती संस्था आजहि चालू आहे.

इतकें करून त्यांचें दुःख संपलें होतें काय ? नाहीं. १९२१ सालीं मनोरमाहि गेली. म्हाताऱ्या आईनें हाताशीं आलेली एकुलती एक मुलगी पुरली, आणि हातीं घेतलेलें पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम पुढें चालविलें. १९२२ च्या एप्रिलांत त्यांनीं स्वतः देह ठेविला. देव जवळ होता म्हणून ह्या बाईचीं दुःखें टळलीं असें कोण म्हणेल ? एकहि टळलें नाहीं. पण ह्या चरित्रांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. जी स्वतः दुष्काळांत पोरकी झाली होती, तीच दुष्काळांतल्या पोरक्या मुलींकडे धांवून गेली. देवाच्या सोबतीची खूण म्हणजे आपणांस आलेलें सुख नव्हे. आपण दुसऱ्याला केलेली सोबत, ही ती खूण होय.

परंतु रोजच्या साध्या दिवसांत ही सोबत ओळखावी कशी ? विद्यार्थिमित्रांनो, ह्यासाठीं मी तुम्हांस एका स्वयंपाक्याची ओळख करून देतों. सतराव्या शतकांत फ्रान्स देशांत निकोला हेर्मां नांवाचा एक गरीब शिपाई होता. लढाईंत जखमी होऊन तो लंगडा झाला. पुढें तो पॅरिस येथील कार्मेलाइट मठांत दाखल झाला, तेथें त्याचें नांव ब्रदर लॉरेन्स असें पडलें. त्याला मठांत स्वयंपाकघराचें काम मिळालें, आणि त्या कामाचा त्याला स्वभावतःच कंटाळा होता. त्यानें एक साधा निश्चय केला : प्रार्थनेची वेळ निराळी व कामाची वेळ निराळी असें मानावयाचें नाहीं, भांडीं घासतांना, भाजी चिरतांना, हांका ऐकून धांवपळ करतांना, देव शेजारीं आहे असें समजून त्याच्याशीं मनांतल्या मनांत बोलत राहावयाचें. हें त्याला एका दिवसांत साधलें नाहीं. पहिलीं कित्येक वर्षें त्याच्या मनाची फार ओढाताण झाली. चित्त भरकटे, तो पुन्हां वळवी, पुन्हां भरकटे. अखेर मात्र स्वयंपाकघराचा गलबला व प्रार्थनामंदिराची शांतता ह्यांत त्याला अंतर वाटेनासें झालें. १६९१ सालीं तो वारला. त्याचीं पत्रें व संभाषणें त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपानें निघालीं, आणि तीं आजहि निरनिराळ्या देशांत वाचलीं जातात. ज्याच्या नांवावर एकहि पराक्रम नाहीं अशा लंगड्या स्वयंपाक्याला तीनशें वर्षांनंतर लोक गुरु मानतात, तें केवळ ह्या एका अभ्यासासाठीं.

तुम्हांला हा अभ्यास कठीण नाहीं. प्रश्नपत्रिका हातीं आली म्हणजे उत्तरें लिहूं लागण्यापूर्वीं एकदां श्वास घेऊन मनांत म्हणा, “तूं येथें आहेस.” सोपी प्रश्नपत्रिका मागूं नका, सोबत मागा. अभ्यास केला नसेल तर देव उत्तरें सांगणार नाहीं, हें मी शिक्षक ह्या नात्यानें खात्रीपूर्वक सांगतों ! पण हात कांपत असेल तर तो स्थिर होईल. वसतिगृहांत पहिल्या रात्रीं घराची आठवण होऊन झोंप येत नसेल, तर याकोबाची आठवण करा. नापास झालांत, चूक केलीत, खोटें बोललांत, तर लपूं नका. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याच्यासमोर लपविण्यासारखें कांहीं उरलेलेंच नाहीं. म्हणूनच त्याच्याजवळ जाणें सर्वांत सोपें आहे. आणि तेथून उठून सरळ घरीं जा.

आणखी एक. तुमच्या वर्गांत नवीन आलेला मुलगा मधल्या सुटींत एकटाच डबा खात असेल, एखाद्या मैत्रिणीच्या घरीं मृत्यु घडून ती पुष्कळ दिवसांनीं शाळेंत आली असेल, तर तिला काय बोलावें असा तुम्हांस प्रश्न पडेल. कांहीं बोलूं नका. जाऊन शेजारीं बसा. आमच्या बाबांनीं तेवढेंच केलें होतें. देव पुष्कळदां माणसाच्या पायांनीं येतो, आणि ते पाय तुमचेहि असूं शकतील.

पालकांस माझी एक नम्र विनंति आहे. आपण मुलांस “देव पाहतो आहे” असें अवश्य सांगा. परंतु तें पहिल्यानें मूल रडत असतां सांगा. तें आजारी असतां उशाशीं बसून सांगा. तें हरून घरीं आलें असतां सांगा. आणि निकालाच्या दिवशीं, निकाल कसाहि लागो, मूल दारांत पाऊल टाकील तेव्हां प्रगतिपुस्तकाकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या तोंडाकडे पाहा. स्वर्गांतल्या बापाची दृष्टि कशी असते हें मूल प्रथम घरांतल्या बापाच्या दृष्टीवरून शिकतें. ती दृष्टि जर त्याला आसऱ्याची वाटली, तर पुढें आपण नसूं त्या दिवशींहि तें एकटें राहणार नाहीं.

त्या नदीच्या घाटावरून मी आजहि कधीं कधीं जातों. पाण्याजवळची ती पायरी पाहिली कीं मनांत एकच मागणें येतें : आपल्यापैकीं कोणाच्याहि मुलाला देवाच्या भयानें अशा पायरीवर एकटें बसण्याची वेळ न येवो, आणि आलीच, तर शेजारीं कोणी तरी बसलें आहे हें त्याला ओळखूं येवो. इतकें मागून हा लेख पुरा करितों.